पाकेरच्या निरोपाला सासूचे चार शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, अर्ध्या वस्तीला अक्षरं शिकवणारे आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीला छडीची ओळख करून देणारे न्कुरुना मास्तर. नैरोबीहून धूळ खात आलेले कंपनीचे मोठे साहेब, ओडुओर साहेब. ओलकेजू कॅम्पचे मॅनेजर हेडली साहेब. त्यांच्या शेजारी ज्यांना बसवलंय आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ते उत्सवमूर्ती. पुढच्या रांगेतले वडीलधारे, जे मला इथे येऊ देत नव्हते. मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे ड्रायव्हर, स्वैपाकी, चादरी धुणाऱ्या बाया. आणि खिडकीबाहेरचे तुम्ही, ज्यांना आमंत्रण नाही पण कान आहेत. पोरं बरी आहेत ना सगळ्यांची? गाई बऱ्या आहेत ना? मग सुरुवात करते.

मी नूनकिशू. शाळेत दोन पावसाळे गेले, तिसऱ्या पावसाळ्यात वासरं वाढली आणि माझी शाळा संपली. तेव्हा माझ्याकडून मास्तरांसारखं भाषण होणार नाही. मास्तर आत्ता बोलले ते फार सुंदर होतं. सेवेचा सूर्य मावळला की आठवणींचं चांदणं पडतं, असं काहीसं. मला सगळं कळलं नाही, पण कानाला गोड लागलं. एकच विचारते, मास्तर. हा सूर्य भर दुपारी कसा काय मावळला? माणूस एकोणपन्नास वर्षांचा. डोळ्यांना चष्मा नाही. दात सगळे जागेवर आहेत, असं माझी मुलगी सांगते. मी स्वतः कधी पाहिले नाहीत.

हसू नका. हेडली साहेबांना कळलं नाही तुम्ही का हसलात, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. बाकीच्यांनी जरा कान खाजवून घ्या. मागच्या कापडावर उत्सवमूर्तींचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मला वाचता येत नाही, ते बरंच झालं, कारण मी त्यांची सासू. आमच्यात सासू जावयाचं नाव घेत नाही, जावई सासूचं घेत नाही. एका छपराखाली जेवत नाहीत, वाटेत समोरासमोर येत नाहीत, तोंडाकडे बघत नाहीत. लग्नात त्यांनी मला एक मेंढी दिली. तेव्हापासून मी त्यांना पाकेर म्हणते, आणि तेही मला पाकेर म्हणतात. मेंढीचं नातं, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेही तोंडावर नाही. काही सांगायचं तर मध्ये तिसरं माणूस लागतं.

वस्तीतल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक आहे. हेडली साहेबांना इथे चौदा वर्षं झाली. सिंहाच्या घरात कोण कुणाचा मावसभाऊ ते त्यांना तोंडपाठ आहे. माणसांच्या घरातलं मात्र कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. गेल्या आठवड्यात चहाची आणि साखरेची पुडी घेऊन ते माझ्या दारात आले. म्हणाले, "मामा," म्हणजे स्वाहिलीत आई, "तुम्ही घरातल्या सगळ्यांत मोठ्या. समारंभात दोन शब्द बोला, आशीर्वाद द्या, मणी घालून या. नैरोबीचे साहेब फोटो काढणार आहेत."

मी विचारलं, "दोनच शब्द?"

"चार बोला."

माझ्या मागे माझी सून उभी होती, तिने ओठ चावून धरले. साहेबांना कुणीच सांगितलं नाही की सासूला जावयासमोर उभं करणं म्हणजे काय. मीही सांगितलं नाही. पुडी ठेवून घेतली.

मग पुढच्या रांगेतले हे वडीलधारे आले. परवा दुपारी, सगळे एकदम, काठ्या आपटत. "नूनकिशू, डोकं फिरलंय का तुझं? जावई ज्या छपराखाली, तिथे तू उभी राहणार?"

मी म्हटलं, "राहणार. पाठ करून."

"आणि बोलणार?"

"तोंड कशाला दिलंय मग?"

"दंड होईल."

"होऊ दे. दंड मी भरते, लाज तुम्ही सांभाळा. तुमच्यातल्या एकानं तोंड उघडलं असतं तर मला हे गुडघे घेऊन इथवर यावं लागलं नसतं."

तेव्हा आज मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे, पाकेर माझ्या पाठीमागे आहेत, आणि दंडाची मेंढी बाहेर खांबाला बांधली आहे. ती ओरडतेय तीच. तिकडे लक्ष देऊ नका, तिला भाषणं आवडत नाहीत.

आता उत्सवमूर्तींबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगायच्या असतात. माझ्याकडे आहेत, पण सगळ्या लांबून पाहिलेल्या. सव्वीस वर्षांत मी हा माणूस पाठीमागूनच पाहिलाय. एकदा ओढ्यावरच्या अरुंद पुलावर मी या टोकाला, ते त्या टोकाला. माझ्या पाठीवर लाकडाची मोळी, त्यांच्या अंगावर कॅम्पचा इस्त्रीचा हिरवा गणवेश, मागे सहा पाहुणे, पाखरं दाखवायला चालत नेत होते. मला वळता येईना. पाकेरने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही, सरळ पुलावरून खाली उडी मारली. कमरेपर्यंत चिखलात. पाहुण्यांना वाटलं, मगर दिसली. तेही सहाच्या सहा मागे पळाले. मी पूल ओलांडून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातून एकदा कुणीतरी माझ्या दारात लाकडं टाकून जायचं. कोण ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आभार मानावे लागले असते, आणि त्यासाठी पुन्हा तिसरं माणूस शोधावं लागलं असतं.

कामाबद्दल सांगायचं तर ते या मागे उभ्या असलेल्यांना विचारा. नवे ड्रायव्हर रेडिओ ऐकतात. एकाने सिंह सांगितला की वीस जण धूळ उडवत तिकडे. पाकेर जिराफ बघतात. जिराफाची मान जिकडे खिळली तिकडे सिंह, हे काही कागदावर शिकवत नाहीत. ते पाहुण्यांना सांगतात, थांबा. पाहुण्यांना थांबायची सवय नसते. ते लांबून आलेले असतात, त्यांच्याकडे तीन दिवस असतात, आणि तीन दिवसांत सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या, रेडा एवढे सगळे बघून परत जायचं असतं. मला त्यांची कीव येते. आमच्या बोकडाला सुद्धा पोट भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. पण पाकेर थांबवतात, आणि जे थांबतात ते दुसऱ्या वर्षी पुन्हा येतात आणि त्यांचं नाव घेऊन गाडी मागतात. ही गोष्ट मास्तरांच्या भाषणात होती, पण चांदण्याखाली दबली.

आता मुद्द्याकडे येते. हेडली साहेब, मास्तरांच्या त्या कानात कुजबुजू नका, तो कान केव्हाच गेलाय.

गेल्या कोरड्या महिन्यात कॅम्पने शेजाऱ्यांचा दिवस केला. वर्षातून एकदा ते आसपासच्या वस्तीतल्या माणसांना फुकट सफारीला नेतात आणि फोटो काढतात. मी कधी गेले नव्हते. सफारी म्हणजे प्रवास. मी रोज पाण्याला जाते, ती माझी सफारी. आणि पार्कात बघायचं काय? तिथे मी जन्मले. आत जो काळा दगड आहे, जिथे पाहुण्यांना संध्याकाळी खुर्च्या मांडून थंड प्यायला देतात, त्याच्या पलीकडे माझ्या आईचं घर होतं. मग आम्हाला सांगितलं, ही जागा आता जनावरांची. आम्ही म्हटलं, होतीच. आणि उठलो. त्या जागी आता झेब्रे हगतात. आमच्या गाईही तेच करत होत्या. जमिनीला काही फरक पडलेला नाही.

पण या वर्षी आमची शेजारीण रेसियातो हात धुऊन मागे लागली. ती खिडकीजवळ बसलीय, निळ्या मण्यांची. "चल ग, मेल्यावर काय सांगशील तिकडे? पार्काच्या दाराशी जन्म काढला आणि आत गेले नाही?" मी म्हटलं, गाडी कोण चालवणार? तेव्हा तिचं तोंड जरा वाकडं झालं. गाडी पाकेर चालवणार होते. दुसरी गाडी नव्हती. बाकीच्या पैसेवाल्या पाहुण्यांना दिल्या होत्या.

मग वाटाघाटी झाल्या. सासू मागच्या बाकावर, डोक्यावरून शाल, तोंड झाकलेलं. मधल्या बाकावर रेसियातो आणि आणखी दोघी, भिंतीसारख्या. जावई पुढे, आरसा वर फिरवलेला, म्हणजे चुकून नजर मिळायला नको. एवढी तयारी करून मी माझ्या आयुष्यातल्या पहिल्या सफारीला गेले, आणि मला शालीतून दिसलं काय, तर रेसियातोची मान. बाकी सगळं ती सांगत होती. "हत्ती आला. गेला. आता रानडुक्कर आहे, तुझ्या दिराएवढं."

दलदलीजवळ पोचलो तेव्हा ती गप्प झाली. रेसियातो गप्प झाली की मला काळजी वाटते. मी विचारलं, काय आहे?

"चित्तीण आहे. पिल्लं आहेत."

किती, ते मला विचारू नका. पिल्लं आणि पोरं आम्ही मोजत नाही. गाड्या मोजायला हरकत नाही, त्या काही देवाने दिलेल्या नाहीत. गाड्या अकरा होत्या. बाभळीच्या एका झुडपाभोवती अकरा गाड्या आणि झुडपाखाली ती.

"कशी आहे?"

"पोट पाठीला लागलंय," रेसियातो म्हणाली. "माझ्या सवतीसारखी दिसते, दुष्काळातली."

गाडी थांबवून पाकेर बायकांना सांगत होते. मला नाही, बायकांना. मी आपली ऐकत होते. ही चित्तीण तीन दिवस उपाशी आहे. रात्री तिचं काम नसतं, रात्र सिंहाची आणि तरसाची. तिला दिवसा पळायचं असतं, आणि दिवसा गाड्या असतात. ती हरणाच्या मागे लागली की गाड्या तिच्या बाजूने धावतात, हरीण बुजतं, ती परत येऊन झोपते. आणखी दोन दिवस असेच गेले तर दूध आटेल. त्यांनी तिच्या आजीलाही पाहिलंय, म्हणाले. ती याच झुडपाखाली व्याली होती.

एवढ्यात ती उठली. पिल्लांना तिथेच बसवलं आणि एकटी निघाली. पुढे एका बाजूला दलदल, एका बाजूला ओढ्याची घळ, आणि मध्ये एक गाडी जाईल एवढीच कोरडी पट्टी. त्या पट्टीतून ती पलीकडच्या गवतात गेली. तिथे हरणं होती. झुडपाभोवतीच्या सगळ्या गाड्यांनी एकदम इंजिनं चालू केली. त्या पट्टीच्या तोंडाशी सगळ्यांत जवळ आमची गाडी होती. आमच्या मागे कॅम्पचीच दुसरी गाडी, तिच्यात तो हाताएवढ्या लांब कॅमेऱ्याचा पाहुणा, ज्याच्यासाठी कॅम्पमध्ये आठवडाभर बकरे कापत होते.

तेव्हा रेडिओ बोलला. स्वाहिली होती, आवाज ओळखीचा होता. मी शाल डोळ्यांवर घेते, कानांवर नाही. रेडिओ म्हणाला, "पुढे जा, पुढे जा. पट्टीतून पलीकडे जा आणि मागच्या गाडीला जागा करून दे. पाहुण्यांना शिकार समोरून दिसली पाहिजे."

पाकेर म्हणाले, "साहेब, उपाशी आहे ती. आणि एका जनावराशी पाचच गाड्या, असा नियम आहे."

रेडिओ म्हणाला, "नियमाचं मी बघतो. तू गाईड आहेस, तिचा नवरा नाहीस."

गाडीतल्या बायका हसल्या. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. मग कुणी हसेना. गाडी हलत नव्हती आणि मागे भोंगे वाजत होते. मी रेसियातोला विचारलं, काय करतायत? ती म्हणाली, हात त्या दांडीवर आहे, पण पुढेही ढकलत नाहीत आणि सोडतही नाहीत. सव्वीस वर्षांची नोकरी मुठीत असली की मूठ जड होते. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांना माझ्या मुलीच्या घरी चूल पेटवायची असते.

पण मी काय, माझी चूल मीच पेटवते.

ओडुओर साहेब, इथपासून जरा नीट ऐका. मास्तर, घंटा वाजवा खुशाल. तुमच्या घंटेला माझी पोरं भ्यायची, मी कधी भ्यायले नाही.

मी रेसियातोला म्हटलं, "पाकेरला सांग, गुरं आत आली की आपण फाटकाला काटेरी फांदी ओढतो ना, तशी ही गाडी पट्टीत आडवी घाला. आणि इंजिन बंद करा."

रेसियातोने निरोप दिला. ती कुठलाही निरोप मीठमिरची लावल्याशिवाय पोचवत नाही. म्हणाली, "तुमची सासू म्हणते, फाटकाला फांदी ओढतात तशी ही गाडी आडवी घाला, आणि घातली नाही तर तुमची मेंढी परत पाठवते." मेंढीचं मी बोलले नव्हते. ते तिने पदरचं घातलं. रेसियातो, मान हलवू नकोस, घातलंस.

आमच्यात सासूचा शब्द जावई मोडत नाही. तिने गाय मागितली तर गाय द्यायची, पाठीवरचं कापड मागितलं तर कापड. म्हणून शहाणी सासू काही मागतच नाही. सव्वीस वर्षांत मी या माणसाकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलं.

गाडी वळली. आडवी झाली. इंजिन बंद झालं.

मागे भोंगे, शिव्या, रेडिओ, सगळा बाजार. पाकेरने रेडिओही बंद केला. एक गाय पिळून होईल एवढा वेळ आम्ही तिथे बसलो. मला काही दिसत नव्हतं. रेसियातोलाही नाही, गवत उंच होतं. मग हळूहळू मागचे भोंगे थकले. आणि मग पलीकडच्या गवतातून एक आवाज आला. चित्तीण काही डरकाळी फोडत नाही, पाखरासारखी चिवचिवते. एवढं मोठं जनावर आणि आवाज चिमणीचा. झुडपाखालून पिल्लांनी उत्तर दिलं, तसंच, बारीक. आणि पिल्लं निघाली, आमच्या गाडीखालून, पट्टी ओलांडून, आईकडे जेवायला. शालीच्या कडेतून मला एकाची शेपटी दिसली. माझी सफारी एवढीच.

त्या पाहुण्याला तेवढंही दिसलं नाही. त्याने तक्रार केली. करणारच, तो शेपटीसाठी आला नव्हता.

मग कॅम्पच्या ऑफिसात पाकेरला बोलावलं. गाडी का आडवी घातली? ते म्हणाले, मी घातली. कुणी सांगितलं? ते गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. हेडली साहेबांनी मुलीला सांगितलं, तुझा नवरा उद्धट आहे, तोंडातून शब्द काढत नाही. उद्धट नाही हो साहेब. जो माणूस चार परक्यांसमोर म्हणेल की मला सासूने सांगितलं, तो सासूच्या शालीमागे लपला. त्याला आमच्याकडे कुणी आपल्या गुरांमागेही चालू देणार नाही. माझं नाव घेता येत नाही, माझा शब्द सांगता येत नाही, म्हणून ते गप्प बसले. तुम्ही त्याला कबुली समजलात.

आणि मी? मीही महिनाभर गप्प बसले. तेही रीतीला धरून. सासूने जावयाच्या कामात तोंड घालायचं नसतं. रीत चांगली आहे, तिच्यामुळे आमच्या घरांत भांडणं कमी होतात. पण रीत सासू-जावयासाठी केली होती. कंपनीच्या सोयीसाठी नव्हती केली.

आता तो कागद. टेबलावर पाण्याच्या जगखाली आहे. हाराबरोबर, घड्याळाबरोबर, तोही आज त्यांना द्यायचाय सहीसाठी. माझ्या मुलीने, सेमेयानने, मला तो वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, मी स्वतःच्या मर्जीने, काही कारण नसताना, पाहुण्यांचा जीव धोक्यात घातला. म्हणून मी माझा गाईडचा बिल्ला परत करतो आणि पुन्हा कुठल्याही पार्कात गाडी चालवणार नाही. सही केली तर निरोप, घड्याळ, टाळ्या, मास्तरांचं चांदणं. सही नाही केली तर कंपनी वर तक्रार करणार आणि बिल्ला देणारे लोक उघड चौकशी करणार.

मी सेमेयानला विचारलं, "उघड चौकशी म्हणजे काय करतात?"

"सगळ्यांना बोलावतात, आई. गाडीत कोण होतं, कुणी काय पाहिलं, रेडिओवर कोण काय म्हणालं."

"आणि मग नवरा तुझा घाबरतो कशाला?"

"ते घाबरत नाहीत. तुला बोलावतील म्हणून सही करतायत."

ऐकलंत? माझ्या अब्रूसाठी हा माणूस आपली भाकरी सोडायला निघाला होता. माझी अब्रू. तिच्यावर आयुष्यभर शेळ्या चढल्यात, तिला काय होतंय.

ओडुओर साहेब, माझ्या मागे तुमची खुर्ची करकरली, त्यावरून कळतंय की रेडिओचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. माझ्यासोबत त्या गाडीत तिघी होत्या, तिघीही इथे आहेत, तिघींचेही कान शाबूत आहेत. मागे भिंतीला टेकलेल्या ड्रायव्हरांपैकी काही जण त्या दिवशी आमच्या मागे भोंगे वाजवत होते. मी त्यांना उभं राहा म्हणत नाही. ते आधीच उभे आहेत, आणि त्यांची पोरं शाळेत आहेत. पण रेडिओ त्यांच्याही गाडीत होता.

तुम्ही म्हणाल, बाई, पाहुणे आले नाहीत तर तुमची वस्ती खाणार काय? खरं आहे. माझा एक नातू तुमच्या स्वैपाकघरात आहे, सून चादरी धुते, मी विणलेले मणी तुमच्या दुकानात टांगलेत. मी काही पाहुण्यांना शिव्या द्यायला आले नाही. पण पाहुणे येतात त्या चित्तिणीसाठी. तुम्हाला भेटायला कुणी समुद्र ओलांडून येत नाही, साहेब, आणि मला तर नाहीच. ती उपाशी मेली तर पुढच्या वर्षी अकरा गाड्या कशाभोवती उभ्या करणार? माझ्याभोवती?

तेव्हा ज्याने गाडी आडवी घातली त्याला तुम्ही निरोप देताय, आणि ज्याने पुढे जा म्हटलं तो हार घालणार आहे. हे मला जमत नाही. गाडी आडवी घाला असं मी सांगितलं. उद्या पुन्हा तसंच झालं तर पुन्हा सांगेन. माझा बिल्ला काढून घ्या. माझ्याकडे नाहीच, पण काढून घ्या.

हेडली साहेब, बसा. माझा एकच निरोप राहिलाय, आणि तो तुमच्यासाठी नाही.

रेसियातो, ऊठ. पुढे ये. मला मागे वळता येत नाही, तू तिकडे तोंड कर. आणि मी सांगते तेवढंच सांग, मीठमिरची नको. पाकेरला सांग, सासूचं दुसरं मागणं आहे. कागदावर सही करू नका. चौकशी होऊ द्या. तिथे मला बोलावतील, मी जाईन, शाल न घेता जाईन, आणि जे ऐकलं ते सांगेन. तोवर बिल्ला छातीवरच राहू द्या.

सांगितलंस? काय म्हणाले?

काहीच नाही?

मग आवाज कसला झाला?

फाडला. बरं. फाडा असं मी म्हटलं नव्हतं, सही करू नका एवढंच म्हटलं होतं. पण जावई सासूला मागितल्यापेक्षा थोडं जास्तच देतो, तीही रीतच.

आता आवरतं घेते. मला बोलायला बोलावलं म्हणून हेडली साहेबांचे आभार. त्यांना माहीत असतं तर बोलावलं नसतं, म्हणून त्यांच्या अज्ञानाचे जास्त आभार. ओडुओर साहेबांचे आभार, त्यांनी मध्येच उठून जायला हवं होतं आणि ते गेले नाहीत. मास्तरांचे आभार, त्यांनी घंटा दोनदाच वाजवली. रेसियातोचे आभार, आयुष्यात एकदा तरी निरोप जसाच्या तसा पोचवल्याबद्दल. पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांनो, जावयासमोर तोंड उघडलं, त्यांच्या कामात बोलले, त्यांच्या छपराखाली उभी राहिले, हे सगळे माझे अपराध. ते मी मान्य करते, मेंढी घेऊन जा. बाकी बोलताना कुणाला लागलं असेल, कुणाचा मान कमी पडला असेल, तर म्हातारीची जीभ समजून सोडून द्या. आडवी गाडी मात्र त्यात धरू नका. तिची मी माफी मागत नाही.

बाहेर मांस भाजून तयार आहे, वास इथवर येतोय. निरोपाचं जेवण म्हणून केलंय म्हणे. आपण ते नुसतं जेवण म्हणून जेवू. मी आधी त्या दाराने बाहेर पडते, म्हणजे पाकेरना या दाराने निघता येईल. सकाळी त्यांना गाडी काढायचीय.